कार्ड जळालेले आहे

सुहास पाठकचा अहवाल चार ओळींचा होता आणि त्यात सहा चुका होत्या. शुद्धलेखनाच्या पाच मी सोडून दिल्या. सहावी अशी होती: "सर्व १२ नेटबुकचे वायरलेस कार्ड जळालेले आहे. दुरुस्ती शक्य नाही. निकाली काढावेत."

बारा यंत्रं, बाराही चालू होतात, पडदे उजळतात, कळा चालतात, आणि जळालेलं आहे ते फक्त वायरलेस कार्ड. तेही बाराच्या बारा. एखाद्या आळीतल्या बारा घरांना एकाच दिवशी आग लागावी आणि प्रत्येक घरातलं फक्त देवघर जळावं, तसा हा चमत्कार. खाली सही, शिक्का, आणि "तज्ज्ञ" हा शब्द. तोही चुकीचा लिहिलेला. म्हणजे शुद्धलेखनाच्या सहा झाल्या.

मी नीलांबरी मुळे. जिल्ह्यातल्या निरनिराळ्या कचेऱ्यांत मिळून चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली एकवीस अभिलेख कक्षात. निवृत्त होऊन शेवगावात आले तेव्हा लोकहित वाचनालयाने मला मानद चिटणीस केलं. मानद म्हणजे काम चिटणिसाचं आणि मान अध्यक्षांचा. अध्यक्ष नृसिंहराव गोसावी हे निवृत्त मुख्याध्यापक. आठवड्यात एकदा तरी माईक हातात आला नाही तर त्यांना अन्न गोड लागत नाही.

सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याने आपल्या ऑफिसातली जुनी नेटबुकं आम्हाला देऊन टाकली, तेव्हा नृसिंहरावांना असा माईक मिळाला होता. नेटबुक म्हणजे वहीएवढे छोटे संगणक, दहा इंची पडद्याचे. कारखान्याच्या माणसांनी त्यातलं विंडोज काढून लिनक्स घालून दिलं होतं, कारण लिनक्सला परवाना लागत नाही. फीत कापली, नारळ फुटला, नृसिंहराव चाळीस मिनिटं "डिजिटल क्रांती" या विषयावर बोलले. दुसऱ्या दिवशी कळलं की वाचनालयाचं वायफाय सगळ्यांच्या मोबाईलला लागतं, पण या बारांपैकी एकालाही लागत नाही. क्रांती कपाटात गेली. कुलूप लागलं.

मीही तिकडे लक्ष दिलं नसतं. पण आमच्याकडे इन्शा सय्यद नावाची मुलगी रोज सकाळी नऊला अभ्यासाला येते, सरकारी भरतीच्या परीक्षेची तयारी करते. तिने अर्ज मोबाईलवर भरला. त्या एवढ्याशा पडद्यावर जन्मतारखेच्या रकान्यात महिना आणि दिवस उलटसुलट झाले, तिला दिसलं नाही, आणि अर्ज बाद झाला. वर्ष गेलं. ती रडली वगैरे नाही. दुसऱ्या दिवशी नऊला येऊन पुस्तक उघडून बसली. मी मात्र कपाटाकडे पाहत बसले आणि सुहासचा अहवाल फायलीतून काढून पुन्हा वाचला.

सुहासचं संगणक दुरुस्तीचं दुकान बसस्टँडसमोर आहे. काचेवर निळ्या अक्षरात "सोल्युशन्स" लिहिलं आहे. मी गेले तेव्हा तो खुर्चीत बसून मोबाईलवर क्रिकेट बघत होता. वय पस्तिसेक, बोटात दोन अंगठ्या.

"तुम्ही कार्ड उघडून पाहिलंत का?" मी विचारलं.

"काकू, उघडायची गरजच नसते. लिनक्स आहे ना ते. त्याला सपोर्टच नसतो."

"मग कार्ड जळालंय, की सपोर्ट नाही?"

त्याने मोबाईल खाली ठेवला. "दोन्ही," तो म्हणाला.

काकू म्हणवून घ्यायला मला हरकत नाही. पण ज्याला दोन कारणांतला फरक कळत नाही, त्याने म्हटलेलं मला चालत नाही. त्याने वर सांगितलं की त्याच्याकडे वापरलेले पण उत्तम लॅपटॉप आहेत, अध्यक्षांशी बोलणं झालेलं आहे, आणि मी या वयात डोक्याला त्रास करून घेऊ नये. मी आभार मानले. बाहेर पडले ती थेट वाचनालयात गेले, कपाट उघडलं, रजिस्टरमध्ये "एक नग, चाचणीसाठी, चिटणीस" अशी नोंद करून एक नेटबुक पिशवीत घातलं आणि घरी आणलं.

लिनक्सबद्दल मला तेव्हा एवढंच माहीत होतं की ते फुकट असतं. मोबाईलवर इंग्रजीत शोध घेतला. जगभरच्या जाणकारांची एक चावडी भरलेली सापडली. तिथे कुणा बिचाऱ्याने अगदी माझाच प्रश्न विचारला होता, नेटबुकही हेच. पहिल्या जाणकाराने त्याला सांगितलं होतं, आधी शोधायला शिक. दुसरा म्हणाला, हा प्रश्न शंभरदा झालेला आहे. तिसऱ्याने त्याचं इंग्रजी सुधारलं. चौथ्याने पाचव्याशी भांडण काढलं आणि त्यात पंधरा-वीस उत्तरं खर्ची पडली. शेवटी मूळ प्रश्नकर्त्याने लिहिलं होतं: "जमलं, सर्वांचे आभार." कसं जमलं, ते नाही. मी आयुष्यात पुष्कळ माजोरी कारकून पाहिले, पण त्यांनी निदान अर्जावर शेरा तरी मारलेला असायचा.

तरी त्या भांडणातून एक गोष्ट हाती लागली. लिनक्स सुरू होताना जे जे करतं ते सगळं ओळीने लिहून ठेवतं. कुठला भाग सापडला, कुठला नाही, कुणी काय मागितलं, काय मिळालं. एक शब्द टाइप केला की सगळी नोंद समोर येते. चावडीवरचे जाणकार म्हणत होते की त्यात फार पाहू नये, लांबलचक असते. नऊशे तेरा ओळी होत्या. नऊशे तेरा ओळींना जे लांबलचक म्हणतात, त्यांनी कधी एका वादातल्या जमिनीचे फेरफार पहिल्यापासून वाचलेले नसतात.

मी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसले. अर्ध्याहून अधिक शब्द कळत नव्हते. ते कळायची गरजही नव्हती. कचेरीत मोडी लिपीतले कागद वाचायला शिकले तेव्हाही अर्धं कळत नसे. काय पुन्हा पुन्हा येतंय, कुठे सूर बदलतोय, एवढं पाहायचं असतं. सहाशे सत्तेचाळिसाव्या ओळीत सूर बदलला. वायरलेस कार्ड सापडलं, असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं. पुढच्या ओळीत त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड हाकणारा प्रोग्राम, सुरू झाला होता. त्यापुढे तीन ओळींत ड्रायव्हरने एक फाईल मागितली होती, फर्मवेअर नावाची, आणि तिन्ही वेळा उत्तर आलं होतं: सापडत नाही. फाईलचं नावसुद्धा दिलेलं होतं.

म्हणजे अर्ज आहे, अर्जदार हजर आहे, सोबतचा कागद जोडलेला नाही. एवढ्यासाठी "निकाली काढावेत"!

ती फाईल कार्ड बनवणाऱ्या कंपनीची असते, ती कुणालाही वाटायची परवानगी नसते, म्हणून लिनक्ससोबत येत नाही आणि वेगळी आणावी लागते, हे मी दुसऱ्या दिवशी वाचून काढलं. आणायची कुठून, तर इंटरनेटवरून. इंटरनेट लागत नाही म्हणूनच तर सगळा खटाटोप. पण नेटबुकच्या कडेला केबलची खाच होती. वाचनालयाच्या राउटरपासून केबल आणली तर काम होणार होतं. केबल कपाटामागे सापडली, तिचं टोक उंदराने खाल्लेलं.

म्हणून मी दिलावरभाईंकडे गेले. दिलावर आत्तार यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान बाजार समितीच्या कुंपणाला लागून आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात, ते त्यांत नवी तार भरतात. माणूस कामाचा, तोंडाचा फटकळ. शेजारच्या दोन दुकानदारांशी त्यांचं बोलणं बंद आहे. मी केबल पुढे केली आणि अहवालही दाखवला, मराठी वाचता येतं म्हणून.

त्यांनी तो वाचला आणि परत दिला. "बाई, जळालं म्हनतो ना हा? मग वास कुटंय?"

"कसला वास?"

"जळाल्याचा. मोटर जळू द्या न्हाईतर बटनाएवढी चिप जळू द्या, वास लई दिवस ऱ्हातो. ह्यानं नाक तरी लावलं का?" त्यांनी पिशवीतलं नेटबुक काढून पोटाशी धरलं, मागची जाळी हुंगली. "ह्यात तर नुस्ता कारखान्याचा वास हाय. ऑइलचा."

"उघडूनच पाहिलं नाही त्यांनी."

"ते न्हाईच बघनार. काचेचं दुकान हाय ना त्याचं." एवढ्यात त्यांनी सुहासला निकालात काढलं. मग माझ्याकडे वळले. "आन् तुमी कचेरीतल्या. आमच्या सातबाऱ्याला चार चकरा मारायला लावायच्या, तशा ह्याला बी मारनार का?"

मी म्हटलं, तुमचं काम केबलला टोक बसवण्याचं आहे, तेवढं करा. ते हसले. टोक बसवून दिलं, पण केबल माझ्या हातात देईनात. स्वतः बरोबर आले. हे यंत्र चालतं का ते त्यांना बघायचं होतं, आणि मला वाटतं, मी हरते का तेही.

वाचनालय दुपारी बंद असतं. आम्ही दोघांनी टेबल राउटरजवळ ओढलं, केबल लावली. मी फाईल मागवणारा हुकूम टाइप केला. उत्तर आलं की हा पत्ता अस्तित्वात नाही. हे लिनक्स इतकं जुनं होतं की जिथून फायली यायच्या ते कोठारच दुसरीकडे हलवलेलं होतं. दिलावरभाई म्हणाले, "झालं? बदली झाली का सायबाची?" मी मोबाईल पुढे ओढला. जुन्या कोठाराचा नवा पत्ता शोधण्यात एक तास गेला, तो एका फायलीत अक्षरन् अक्षर बरोबर लिहिण्यात अर्धा तास. एक तिरकी रेघ राहिली होती, ती दिलावरभाईंना दिसली. त्यांना इंग्रजी येत नाही, पण वरच्या ओळीत रेघ आहे आणि खालच्या ओळीत नाही, हे त्यांनी बोट ठेवून दाखवलं.

फाईल उतरली. आम्ही नेटबुक बंद करून चालू केलं. मी नोंद पुन्हा वाचली. त्या तीन ओळी गेल्या होत्या, फर्मवेअर मिळालं असं लिहिलेलं होतं.

वायफाय तरीही लागलं नाही.

मी खरोखर वैतागले. दिलावरभाई उठून बाहेर जाऊन तंबाखू मळून आले. तेवढ्या वेळात मी आणखी एक हुकूम शोधून काढला, कार्ड कुणी अडवून धरलंय का ते सांगणारा. त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं. प्रोग्रामने अडवलंय का, तर नाही. बटणाने अडवलंय का, तर हो.

"बटन?" दिलावरभाई म्हणाले. "कुटलं बटन?"

बटण नव्हतंच. त्यांनी नेटबुक उलटसुलट केलं, कडेवरून अंगठा फिरवला, डोळ्यांजवळ नेलं. पुढच्या काठावर तांदळाच्या दाण्याएवढी फट होती. सरकवायचं बटण तिथे एकेकाळी असणार, त्याची प्लॅस्टिकची टोपी उडालेली होती. आत खोल एक ठिपका तेवढा दिसत होता. त्यांनी शर्टाच्या खिशातून तार साफ करायची बारीक सुई काढली, श्वास धरला आणि ठिपका डावीकडून उजवीकडे ढकलला. टिक झालं.

पडद्याच्या कोपऱ्यात नावं यायला लागली. आधी समोरच्या मेडिकलचं वायफाय, मग वरच्या मजल्यावरच्या शिकवणीचं, मग आमचं. मी पासवर्ड टाकला. बातम्यांचं पान उघडलं. दिलावरभाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि फक्त "हां" म्हणाले. मी उठून माठातलं पाणी प्यायले.

"बाकी अकरा काढा," ते म्हणाले. "सुई हाय हातात तोवर."

मी कपाट उघडलं. कपाट रिकामं होतं.

नृसिंहरावांना फोन लावला. आदल्या संध्याकाळी तातडीची बैठक झाली, असं त्यांनी मोठ्या आवाजात सांगितलं. चिटणिसांना निरोप पोचू शकला नाही. माझं घर वाचनालयापासून तिसरं आहे. तज्ज्ञांच्या अहवालानुसार अकरा निकामी नग भंगारात दिले, बारावा माझ्याकडून यायचा आहे, आणि आता नव्या पर्वाची, म्हणजे सुहासच्या लॅपटॉपची, सुरुवात. मी म्हटलं, "बारावा चालू आहे." ते म्हणाले, "बाई, आता तो विषय संपला." आणि फोन ठेवला. या माणसाने पस्तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं.

भंगार बन्सीकडे गेलं होतं, हे दिलावरभाईंना विचारावंही लागलं नाही. मोटारीची जुनी तार ते त्यालाच देतात. त्यांनी कुणाचा तरी छोटा टेम्पो आणला. मी साडीचा पदर खोचून पुढे बसले. बन्सीचं आवार पाथर्डी रस्त्याला आहे. पत्रे, ड्रम, मोडके कूलर, आणि मधोमध बन्सी खाटेवर. त्याच्या माणसाने सकाळीच चार नेटबुकं हातोडीने फोडली होती. पडदे एकीकडे, सर्किटच्या पाट्या एकीकडे. उरलेली सात एका घमेल्यात उभी रचलेली होती.

"न्या की बाई," बन्सी म्हणाला. "मला काय त्याचं? त्यात तांबं बी न्हाई धड. म्या म्हनलं हुतं साह्यबाला, चालू दिसत्यात. तर म्हनले, तुला काय कळतंय."

बदल्यात त्याने वाचनालयाची तीन महिन्यांची रद्दी मागितली. मी हो म्हटलं आणि ठराव नंतर लिहिला. एकूण प्रकरणात चालू यंत्र ओळखणारा माणूस भंगारवाला निघाला, हे मी नृसिंहरावांना पुढे बैठकीत सांगितलं. त्यांनी ते इतिवृत्तातून वगळायला लावलं.

चार दिवसांत आठ नेटबुकं चालू झाली. आठांच्याही बटणांच्या टोप्या गायब होत्या; ऑफिसात कुणी वायफाय वापरू नये म्हणून कारखान्यानेच बटणं बंद करून त्या काढून टाकल्या असणार. दिलावरभाई रोज दुपारी यायचे, सुईने बटण सरकवायचे, मग त्यावर चिकटपट्टी लावायचे म्हणजे पुन्हा हलायला नको. मी फाईल टाकायचे. पाचव्या दिवशी सकाळी नऊला इन्शा आली, तिला एकासमोर बसवलं. तिने पुढच्या परीक्षेचा अर्ज उघडला, जन्मतारखेच्या रकान्यावर थांबली, पडद्यावर बोट टेकवून तारीख दोनदा वाचली आणि मग पुढे गेली.

त्या आठवड्यात पुन्हा कार्यक्रम झाला. पुन्हा फीत. नृसिंहराव या वेळी पंचावन्न मिनिटं बोलले आणि सुहास पाठकचा "तांत्रिक मार्गदर्शनाबद्दल" शाल देऊन सत्कार केला. सुहासने ती घेतली. खाली मान घालून घेतली, पण घेतली. मलाही शाल होती. मी ती टेबलावर ठेवून उठून गेले. दिलावरभाईंना निमंत्रण नव्हतं. मी जाऊन सांगितलं तेव्हा ते एका मोटारीत डोकं घालून बसले होते. "असू द्या," म्हणाले. "शाल घिऊन वायंडिंग करता येत न्हाई. गुतते."

त्यानंतर महिनाभराने एका सकाळी सुहास माझ्या दारात आला. हातात कुणा गिऱ्हाइकाचा लॅपटॉप. तसलाच प्रकार, नवं लिनक्स, वायफाय नाही. गिऱ्हाईक कॉलेजातला प्राध्यापक होता आणि सुहासला विंडोज घालू देत नव्हता.

"काकू, जरा दाखवता का?"

मी त्याला दारातच उभं ठेवलं. "कार्ड जळालं असेल," मी म्हटलं.

तो लाल झाला. लॅपटॉप एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाला, "बारा मशीन होती. अध्यक्ष म्हणाले, तासाभरात अहवाल दे, बैठक आहे. एक लावून बघितलं, नाही लागलं. बाकीची उघडलीच नाहीत मी. एकाचं झालं तेच सगळ्यांचं असणार, असं वाटलं."

माझ्या ओठांवर उत्तर तयार होतं. चांगलं, झोंबणारं. ते बाहेर आलं नाही, कारण त्याच क्षणी मला साळूबाई आठवली. कित्येक वर्षं आठवली नव्हती. दुसऱ्या तालुक्यातली गोष्ट. तिच्या बापाच्या जमिनीचा जुना उतारा हवा होता तिला, भावांनी नाव लावलं नव्हतं. तीनदा आली. गठ्ठा सर्वांत वरच्या फळीवर होता, त्या फळीवरचे दोन गठ्ठे वाळवीने खाल्लेले मी आधी पाहिले होते. मी तिच्या अर्जावर लिहिलं: "अभिलेख जीर्ण, नक्कल देता येत नाही." शिडी लावली नव्हती. गठ्ठा खाली काढलाच नव्हता. जेवणाची सुट्टी व्हायची होती. पुढे बदली झाली तेव्हा चार्ज देताना तो गठ्ठा उघडला, आतले कागद धड होते. मी ते पाहिलं, गठ्ठा पुन्हा बांधला आणि चार्जच्या यादीवर सही केली. साळूबाईला कळवलं नाही. कळवलं असतं तर आधीचा शेरा कुणी मारला, ते निघालं असतं.

सुहास उभाच होता. त्याला वाटलं असेल, मी मुद्दाम ताटकळवतेय.

हे त्याला सांगण्याची माझी हिंमत झाली नाही. तो मला अजूनही आवडत नव्हता. ती अंगठ्यांची बोटं, ते "सोल्युशन्स", ती घेतलेली शाल. पण त्याच्याकडे वरून पाहायला जी पायरी लागते, ती मला त्या दिवशी पायाखाली लागेना.

"आत या," मी म्हटलं. "चप्पल बाहेर."

लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला. मी त्याच्याकडून तो एक शब्द टाइप करून घेतला. पडद्यावर नोंद सरसर वाहत गेली, चौदाशेच्या वर ओळी. त्याने घाईघाईने शेवटाकडे जायला हात पुढे केला.

"नाही," मी म्हटलं. "पहिल्या ओळीपासून. मोठ्याने वाचा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खुर्ची पुढे ओढली आणि अडखळत वाचायला लागला. तिसऱ्याच ओळीत त्याने एक आकडा गाळला. मी त्याला परत मागे नेलं.